चिकटपणावरचा उतारा

पोळी पोळपाटाला चिकटू नये म्हणून घरोघरी पिठी लावतात. शस्त्रवैद्याच्या रबरी हातमोज्यालाही दीर्घकाळ अशीच पिठी लागत असे. मात्र ती रोग्याच्या पोटात राहून जाई.

आपल्या बंगळुरातील व्हिक्टोरिया रुग्णालयाचे उद्घाटन ८ डिसेंबर १९०० रोजी लॉर्ड कर्झन यांनी केले, तेव्हा हा मोजा जेमतेम दहा वर्षांचा होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात जंतुनाशक द्रावणातील पाऱ्याच्या क्षाराने सोलवटत. त्यांच्यासाठी शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी मोजे करवून घेतले. १८९० मध्ये उभयतांचा विवाहही झाला.

परंतु चिकटणे हा रबराचा उपजत गुण. कोरडा हात मोज्यात सरकेना. म्हणून प्रथम लायकोपोडियम वनस्पतीचे बीजाणू आणि पुढे शंखजिऱ्याची पूड वापरात आली. आपल्याकडेही मोजे धुऊन, वाळवून, पूड लावून पुन्हा वापरण्याची रीत बरीच वर्षे होती. पण पूड सांडलेल्या जागी उदरात गाठी धरत आणि आतडी एकमेकांस चिकटत. मोज्याचा चिकटपणा जणू रोग्याच्या पोटात उतरला! १९४७ मध्ये मक्याच्या स्टार्चची, शरीरात शोषली जाईल अशी पूड पुढे आली. तीही निर्दोष ठरली नाही. शिवाय रबरातील प्रथिने तिच्या कणांवर बसून हवेत पसरत व काहींस श्वासाचा विकार जडे.

खरा उतारा पुडीत नव्हता, रबराच्या पृष्ठभागातच होता. मोजे क्लोरीनच्या पाण्यात बुडविले, की क्लोरीन रबराच्या रेणूंतील दुहेरी बंधांशी संयोग पावतो आणि वरचा थर कठीण व गुळगुळीत होतो. मात्रा चुकली, तर मोजा पिवळा पडून ठिसूळ होतो. दुसरा उपाय म्हणजे आतून पॉलिमरचा पातळ लेप. हे उपाय हाताशी आल्यावर पुडीची गरजच उरली नाही. अखेर अमेरिकेने पूड लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर १८ जानेवारी २०१७ पासून बंदी घातली.

सोय एकाची आणि भोग दुसऱ्याचा, हा प्रकार कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्या आपणांस नवा नाही. पुडीची सोय वैद्याच्या हाताला होती, भोग बेशुद्ध रोग्याच्या वाट्याला आला. तक्रार करणारा टेबलावर निजलेला असला, म्हणजे सुधारणेला इतका उशीर लागतो.