चवदार तळ्याच्या काठावर आपण कोठे होतो?

२० मार्च १९२७, रविवार. महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिऊन परिषदेचे लोक मंडपात परतले होते. कोणी जेवायला बसले होते, कोणी गाठोडी बांधून गावी निघण्याच्या तयारीत होते. इतक्यात गावात एक बातमी पसरली: तळे बाटवले, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. ही बातमी खोटी होती. देवळात जाण्याचा ठराव नव्हता आणि तसा विचारही नव्हता. पण बातमीची खातरजमा करायला कोणी थांबले नाही. लोक लाठ्याकाठ्या घेऊन धावले. मंडपात शिरून त्यांनी जेवणाऱ्यांना मारले, अन्न मातीत मिसळले, भांडी फोडली. रस्त्यात एकटेदुकटे सापडतील त्यांना झोडपले. जीव वाचवण्यासाठी पळणाऱ्यांपैकी कित्येकांना आसरा मिळाला तो महाडच्या मुसलमानांच्या घरांत.

ही शेवटची गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितली जाते आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण ती तेवढ्यावरच संपवली तर महाडने शिकवलेला धडा अर्धाच वाचला असे होईल. त्या दिवशी लाठी उचलणारे बहुतेक जण रोजच्या जीवनात दुकानदार, कारकून, शेतकरी, कुणाचे तरी वडील आणि कुणाचे तरी शेजारी होते. एकेकट्याला विचारले असते तर निजलेल्या बाईमाणसावर काठी चालवायला त्यांतले किती तयार झाले असते? मग सगळे मिळून ते कसे तयार झाले? आणि ज्यांनी दारे उघडली त्यांना ती उघडणे कशामुळे शक्य झाले? या लेखात मला या दोन प्रश्नांचा माग काढायचा आहे.

कागद आणि रस्ता

आधी पार्श्वभूमी पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी देखरेखीखालच्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे सरकारची परवानगी होती आणि नगरपालिकेचा ठरावही होता. तरी पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्याला हात लावला नाही, लावू शकला नाही.

सत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर, फौजदार, न्यायाधीश येतात. पण गावात याहून मोठी एक सत्ता असते. तिला कचेरी नसते आणि शिक्काही नसतो. ‘लोक काय म्हणतील’ या तीन शब्दांवर तिचा कारभार चालतो. महाडात सरकारने ‘हो’ म्हटले आणि गावाने ‘नाही’ म्हटले. तीन वर्षे गावाचेच चालले.

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरली. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी जिवाचे रान केले होते. परिषदेला आलेल्यांच्या पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे मात्र हाकेच्या अंतरावर होते, चार-पाच एकरांचे. त्यावर सवर्ण हिंदू येत, मुसलमान येत, ख्रिस्ती येत, गुरेढोरेही येत. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्याले, मागोमाग इतर प्याले. पुढचे आपल्याला माहीत आहे.

खोलीतली रेष

महाडनंतर पंचवीसेक वर्षांनी अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. एका खोलीत काही तरुण बसवले. त्यांना एक रेष दाखवली, मग तीन रेषा दाखवल्या आणि विचारले, यांपैकी कोणती रेष पहिलीएवढी आहे? उत्तर लहान मुलालाही देता यावे इतके सोपे. पण एक सोडून बाकी सगळे आधीच शिकवून ठेवलेले होते. ते ठरवून, एकामागून एक, चुकीचे उत्तर देत. मग पाळी येई त्या एकट्याची. अशा वेळी दिलेल्या उत्तरांपैकी सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकीची निघाली. निम्म्याहून कितीतरी अधिक जणांनी एकदा तरी डोळ्यांना दिसत होते ते सोडून इतरांचे म्हणणे उचलले. मात्र सुमारे एक चतुर्थांश लोक एकदाही वाकले नाहीत, हेही विसरू नये.

या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. अ‍ॅशने शिकवलेल्यांपैकी एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले. केवळ एकाला. त्याबरोबर चुकीच्या उत्तरांचे प्रमाण घसरून जवळपास चौथ्या हिश्शावर आले. एकट्या माणसाला गर्दीशी झगडता येत नाही, पण सोबतीला एक जण मिळाला की त्याचा कणा ताठ होतो.

१९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम याने याहून कठोर प्रयोग सुरू केला. समोरच्या माणसाचे उत्तर चुकले की विजेचा झटका द्यायचा आणि तो दर वेळी वाढवत न्यायचा, असे सांगितले जाई. झटके खोटे होते, ओरडणे खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. अंगरखा घातलेला अधिकारी शेजारी उभा राहून ‘पुढे चला’ म्हणे. पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. पण त्याच प्रयोगाच्या दुसऱ्या एका प्रकारात सोबतच्या दोन साथीदारांनी मध्येच ‘आम्ही करणार नाही’ म्हणून हात काढून घेतला. तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी केवळ ४ उरले.

अलीकडच्या अभ्यासकांनी या प्रयोगांची नव्याने तपासणी केली आहे. माणूस हुकमाचा आंधळा गुलाम असतो, असे त्यांतून सिद्ध होत नाही, असे त्यांतल्या काहींचे म्हणणे आहे. ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही’ असा सरळ हुकूम आला की लोक उलट नकार देत. ते ऐकत, कारण आपण एका चांगल्या, मोठ्या कामात सहभागी आहोत असे त्यांना वाटे. महाडला हे चपखल लागू पडते. काठी उचलणाऱ्याला आपण पाप करतो आहोत असे वाटले नाही. त्याला वाटले, आपण धर्म राखतो आहोत.

दाराच्या आत आणि बाहेर

आता त्या उघड्या दारांकडे येऊ. १९२७ च्या डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा गावाने बहिष्कार पक्का केला होता. मंडपाला जागा द्यायला कोणी तयार होईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. मुंबईहून बाबासाहेब आणि प्रतिनिधी पद्मावती बोटीने हरिहरेश्वरला आणि तेथून सावित्रीच्या खाडीने दासगाव बंदरावर उतरले. दासगावाहून ते चालत महाडला आले ते फत्तेखानाच्या जागेत उभारलेल्या मंडपात. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले तेही तेथेच.

फत्तेखानाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. गाव एकीकडे आणि आपण एकीकडे, अशा वेळी जागा देणे हे जोखमीचेच. पण अ‍ॅशच्या खोलीचा विचार केला तर एक गोष्ट मान्य करावी लागते. महाडच्या मुसलमानावर त्या दिवशी सवर्णांच्या जातपंचायतीचा दाब नव्हता. त्याची सोयरीक, त्याचा जनाजा, त्याची मशीद या कशावरही वीरेश्वराच्या देवळातल्या सभेचा अधिकार चालत नव्हता. तो दुसऱ्या खोलीतला माणूस होता, म्हणून त्याला रेष सरळ दिसली.

खरी कसोटी लागली ती वेगळ्या लोकांची. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू होते. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. हे तिघे त्याच खोलीत बसले होते जिथे सगळे चुकीचे उत्तर देत होते. त्यांना आपल्या लग्नकार्यांत, आपल्या आळीत, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे राहून ‘नाही’ म्हणायचे होते.

आणखी एक बोचरा प्रश्न आहे. चवदार तळ्याचे पाणी आपणही पीत होतो. गुरांना जे मिळते ते या माणसांना का मिळत नाही, हे काठावर उभे राहून कित्येक वर्षे आपणही पाहत होतो. मार खाऊन आलेल्यांना आपण दार उघडले. पण मार पडण्यापूर्वी आपण काय म्हणालो? माणूस जखमी होऊन दाराशी आला की दया जागी होते. रोजच्या अन्यायापुढे मात्र सवय डोळ्यांवर पडदा टाकते.

त्याच गर्दीची दुसरी बाजू

गर्दी आणि अधिकार म्हणजे केवळ वाईटच, असे समजण्याचे कारण नाही. २० मार्चला बाबासाहेबांच्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले कित्येक जण होते. त्यांचे हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी शब्द टाकला असता तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. त्यांनी लोकांना शांत राहायला सांगितले आणि लोक शांत राहिले. पुढे ६ जून १९२७ रोजी हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

डिसेंबरातही तेच घडले. नगरपालिकेने ४ ऑगस्टला आपला जुना ठराव मागे घेतला होता, म्हणजे कागदाने रस्त्यापुढे मान तुकवली होती. सवर्णांनी १२ डिसेंबरला दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तरीही सत्याग्रह करून तुरुंगात जायला जवळजवळ चार हजार लोकांनी नावे दिली होती. बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करायला सांगितले. मिरवणूक तळ्याला वळसा घालून, पाण्याला न शिवता परतली. हीही आज्ञापालनाचीच गोष्ट आहे. फरक इतकाच की आधी पुष्कळ वाद झाला, कारणे सांगितली गेली आणि मगच लोकांनी ऐकले.

याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडायला सांगितले. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी नव्या पद्धतीने नेसवायला मदत केली. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय एका सभेत बदलली, कारण ती एकटीने बदलायची नव्हती, सगळ्यांनी मिळून बदलायची होती.

दाव्याचा निकाल ८ जून १९३१ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने लागला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानेही तो कायम केला. वादींचे म्हणणे होते की ही वहिवाट अनादी काळापासूनची आहे. कोर्टाने पाहिले तर त्या अनादी काळाचा पुरावाच नव्हता. आपण ज्याला ‘पहिल्यापासून असेच आहे’ म्हणतो त्याची किती वेळा अशी तपासणी होते?

आपली खोली

समूहाच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही नावांत एक नाव मुजफ्फर शेरीफ यांचे आहे. १९०६ साली तुर्कस्तानात, इझमीरजवळच्या ओदेमिश गावी ते जन्मले. पुढे ते अमेरिकेत गेले. १९५४ साली ओक्लाहोमात त्यांनी बावीस मुलांचे दोन गट केले आणि स्पर्धा लावून त्यांच्यात वैर पेटवले. नंतर पाण्याची टाकी बंद पडल्याचा प्रसंग योजला. पाणी सगळ्यांनाच हवे होते, म्हणून दोन्ही गट एकत्र कामाला लागले आणि अशा काही प्रसंगांनंतर वैर ओसरले. याआधी १९५३ साली असाच प्रयोग फसला होता, कारण मुले काही केल्या एकमेकांचे वैरी होईनात. दोन गट असले की भांडण होणारच असे नाही. त्यासाठी भांडण लावणारा हातही लागतो.

महाडची ही सगळी हकीकत आपल्या अंगणात आणून पाहायला हवी. रायगडच्या किनाऱ्यावर गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे एकविसाव्या शतकातही एकामागून एक उघडकीला आली. त्यांतूनच सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली मंजूर केला आणि तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड त्यात आहे. जातिबाहेर टाकण्याविरुद्धचा मुंबई राज्याचा १९४९ चा जुना कायदा सुप्रीम कोर्टाने १९६२ साली रद्द केला. ते प्रकरण दाऊदी बोहरा जमातीतले होते. २०२३ साली हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. तेव्हा बहिष्कार ही केवळ दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट, असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना ती खोली आठवत असेल. जमातीची बैठक भरते. एखाद्याने बिरादरीबाहेर लग्न केलेले असते, कुणी हिशेब मागितलेला असतो, कुणी मुलीला पुढे शिकायला पाठवलेले असते. एक वजनदार माणूस बोलतो, दुसरा मान डोलावतो. तिसऱ्याला ते पटलेले नसते, पण चौथा गप्प बसलेला पाहून तोही गप्प बसतो. चौथा याच कारणाने गप्प असतो. निर्णय ‘एकमताने’ होतो. घरी जाताना निम्मे लोक कुजबुजतात की हे बरे झाले नाही.

अ‍ॅशच्या खोलीत सगळे बदलायला एक माणूस पुरला होता. त्याला व्याख्यान द्यावे लागले नाही, भांडावे लागले नाही. त्याने फक्त दिसत होते ते मोठ्याने सांगितले. फत्तेखानाने जागा दिली, हे आपण पुढच्या पिढीला जरूर सांगू. पण त्याबरोबर टिपणिसांचेही सांगावे लागेल, कारण आपल्यापैकी बहुतेकांवर प्रसंग येतो तो त्यांच्यासारखा. दुसऱ्यांच्या गर्दीपासून कुणाला वाचवण्याची वेळ आयुष्यात क्वचित येते. आपल्याच माणसांच्या बैठकीत हात वर करून ‘मला हे मान्य नाही’ म्हणण्याची वेळ मात्र वर्षातून दोनदा तरी येते.