गदेविना पैलवान

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरेच्या धरणापाशी पाली लागते. या पट्ट्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आला, आणि हगाम्याचं पोस्टरही ठरलेलं. माथ्यावर मारुती, खाली जोडीजोडीनं पैलवानांचे फोटो, इनामाचे आकडे, तळाला पुढाऱ्यांचे हसरे चेहरे. हल्ली सगळं फ्लेक्सवर छापून येतं. त्याचं कूळ मात्र तालमीच्या भिंतीवर सापडतं.

तिथं पहिला मान मारुतीचा. शेंदरी अंग, खांद्यावर गदा, छाती भरदार. पेंटरला पैलवान काढायला सांगितला की त्याचा हात याच वळणानं जायचा. मारुतीच्या खालोखाल वस्ताद, तेही फेटा-मिशांसकट, एखाद्या काळ्यापांढऱ्या फोटोवर रंग चढवून घेतलेले. पुढं केसरी किताब आले. १९५९ साली श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले. किताबाबरोबर देवाची गदा माणसाच्या खांद्यावर आली आणि पेंटरांचं काम आणखी सोपं झालं.

खाशाबा जाधव या साच्यात बसणारे नव्हते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी जेमतेम ५७ किलोच्या गटातला. ताकदीपेक्षा चपळाईवर खेळणारा. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेटला सहावा आला, तोही आयुष्यात पहिल्यांदाच मॅटवर उतरून. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ला कांस्यपदक गळ्यात पडलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, दीडशेच्या वर गाड्या होत्या म्हणतात. मग १९५५ला पोलिसात फौजदारकी, आणि १९८४ला अपघाती मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म नाहीच.

सरकारी अनास्थेबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला वाटतं, थोडा दोष आपल्या नजरेचाही आहे. पैलवान म्हणजे शंभर किलोचा ऐवज, ही समजूत भिंतीवरच्या चित्रांनीच पक्की केली. हलक्या वजनाचा, हाती गदा नसलेला, परदेशात मॅटवर जिंकलेला माणूस चित्रात कसा उभा करायचा? साचाच नव्हता.

असा साचा गुगलला लागला नाही. १५ जानेवारी २०२३ला, खाशाबांच्या ९७व्या जयंतीला, शोधपानावर त्यांचं डूडल झळकलं आणि फोनवर दिवसभर फिरलं. आता तो दिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून पाळतात. तालमीच्या भिंतीला जे साधलं नव्हतं ते कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं केलं, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही.

आमच्या जिल्ह्याला तर ५७ किलोचं वावडं असायचं कारणच नाही. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच वजनात सुवर्ण जिंकलं, पुढच्याच वर्षी ६१ किलोत जागतिक कांस्य मिळवलं. तोही खाशाबांसारखाच पोलिसातला. पालीच्या एखाद्या भिंतीवर कुणी पेंटर बसवणार असेल, तर दोघांना शेजारी काढावं. गदा देऊ नये. खाली वजन तेवढं ठळक लिहावं.