चौलचं बंदर, जुन्नरचा खान आणि आपण

मागच्या व्याख्यानानंतर काही जणांनी विचारलं, की तुम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, मग इतिहासात कसे शिरलात? त्याचं उत्तर एका सहलीत आहे. आम्ही कवठे येमाईचे आठ-दहा सेवानिवृत्त शिक्षक पहाटे चारला देवीला नमस्कार करून निघालो. मंचर, राजगुरुनगर, चाकण, मग बोरघाट उतरून खोपोली, पेण, अलिबाग असं करत चौल-रेवदंड्याला पोहोचलो. घोडनदीच्या काठच्या माणसांना खाडीचं अप्रूप असणारच. पण आमच्यातले एक गुरुजी गाडीतच म्हणाले, "बंदरं दर्यावर्दी लोकांची. त्यात आपल्या घाटावरच्यांचं काय?"

दिवसभर आम्ही या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

चौल हे आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत विसावलेलं गाव आहे. रामेश्वराचं देऊळ, समोरची पुष्करणी, दत्ताची टेकडी हे सगळं पाहताना इथे कधी जगाचा बाजार भरत होता, हे खरं वाटत नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत या बंदराचं नाव येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत 'चेमुल' भेटतं. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. तो याला सैमूर म्हणतो. इथे सुमारे 10,000 मुसलमान राहत होते, असं त्यानं लिहिलंय. राजा शिलाहार झंझ. परक्यांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक माणूस राजा नेमायचा, त्याला 'हुनरमान' म्हणत. आता हे औदार्य होतं की व्यवहार? आम्हाला वाटतं, दोन्ही. ज्याला बंदर चालवायचंय त्याला परका माणूस टिकवावा लागतो.

दुपारी रेवदंड्याचा कोट पाहिला. पोर्तुगीजांनी 1516 साली इथे वखार घातली, 1521 पासून किल्ला बांधायला घेतला. 1740 साली तो मराठ्यांकडे आला. आत आज वाड्या आहेत आणि मधूनच एखादी चर्चची भिंत, उंच बुरूज उभा दिसतो. खाडीपलीकडे कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून जन्मलेली बोली आजही घराघरांत बोलतात. राज्य गेलं, भाषा राहिली!

आणि मग शाळेच्या आवारातलं ते स्मारक पाहिलं. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा 1498 ला कालिकतला आला, त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीच हा माणूस चौलला उतरला होता. वाटेत व्होल्गाच्या मुखाशी लुटला गेलेला. त्यात त्याचे धर्मग्रंथही गेले. जवळ होता एक घोडा. दख्खनमध्ये घोड्याला सोन्याची किंमत मिळते म्हणून आणलेला. चौलहून पाली आठ दिवस, तिथून उमरी दहा दिवस आणि मग पुढे जुन्नर, असा हिशेब त्यानं मांडलाय.

जुन्नर म्हटल्यावर गाडीतले ते गुरुजी सावरून बसले. जुन्नर म्हणजे आपला शेजार. ज्या कुकडीचं पाणी आपल्या शिवारापर्यंत येतं, त्या कुकडीचं गाव. निकितीन तिथे पावसाळाभर अडकला. चार महिने नुसता पाऊस आणि चिखल, त्याच दिवसांत लोक नांगरतात नि पेरतात, घोड्यांना हरभरा घालतात, हे तो नवलानं नोंदवतो. आपल्या रोजच्या जगण्याची नोंद एका रशियन माणसानं साडेपाचशे वर्षांपूर्वी केलीय. तर गुरुजी, बंदर किनाऱ्यावर संपत नाही. चौलला उतरलेला माल आणि माणूस घाट चढून आपल्याकडेच येत होता.

पण खरी गोष्ट पुढे आहे. जुन्नरचा बहमनी सरदार असदखान यानं त्याचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, हे त्याला कळलं होतं. म्हणाला, आमच्या धर्मात ये, घोडाही देतो, वर हजार मोहरा देतो. नाही आलास तर घोडा माझा आणि हजार मोहरा दंड तुझ्यावर. मुदत चार दिवस. परका मुलूख, ओळखीचं कोणी नाही. तेवढ्यात खुरासानचा ख्वाजा महंमद तिथे आला. त्यानं खानाकडे रदबदली केली, धर्म बदलायला लावू दिला नाही आणि घोडाही सोडवून आणला. लक्षात घ्या, घोडा हिरावणारा मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. धर्मावरून माणसाचा हिशेब मांडणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची आहे.

ग्रंथ हरवल्यामुळे निकितीनला आपले सण, उपास कधी येतात हेही कळेना. त्याची टिपणं रशियनमध्ये सुरू होतात आणि मधूनमधून तुर्की-फारसी-अरबी शब्दांत प्रार्थना करू लागतात. आपण कोण, हा प्रश्न आम्ही वर्गात तीस वर्षं फळ्यावर लिहिला. या माणसाला तो चिखलात उभं राहून सोडवावा लागला. घर गाठण्याआधी, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला.

परतताना गाडीत कोणी फारसं बोलेना. आमच्या मनात मात्र एक जुनी गोष्ट सलत होती. रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आलेला एक ओडिशाचा पोरगा आमच्याकडे खोली मागायला आला होता. आम्ही त्याला पाणी विचारायच्या आधी जात विचारली, धर्म विचारला. मग म्हटलं, खोली रिकामी नाही. खोली रिकामीच होती.

त्या दिवशी आमच्या दारात असदखान उभा होता, ख्वाजा महंमद नव्हता. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट भिंतीवर टांगलेली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. घरी पोहोचलो, त्या आठवड्यात खोलीची चावी शेजारच्या किराणा दुकानदाराकडे दिली आणि सांगितलं, कोणी विचारत आलं तर दाखव, नाव-गाव नंतर विचारू.

इतिहासात का शिरलो, तर यासाठी. पुढच्या वेळी नाणेघाट चढू. तिथला जकातीचा रांजण तुम्ही पाहिला असेलच. घाट चढून येणाऱ्या परक्याकडून आपण काय घेतलं आणि त्याला काय दिलं, ते तिथे बसून बोलू.