मूळ पाठ कोणता? गिटारच्या सोलोचे दोन जन्म

छापील ग्रंथाच्या सवयीत वाढलेला वाचक कृतीचे 'मूळ' शोधताना आधी लिखित प्रतीकडे वळतो. रॉक संगीताच्या श्रोत्यानेही हीच सवय उचलली आहे. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले गिटारचे एकलवादन, ज्याला सर्वत्र 'सोलो' म्हणतात, ती त्याच्या लेखी संहिता असते आणि कार्यक्रमात वाजवलेला सोलो हे त्या संहितेचे कमीअधिक निष्ठावान पठण. या समजुतीला जोडून आणखी एक समजूत येते : स्टुडिओतले वादन विचारपूर्वक रचलेले, मंचावरचे त्या क्षणी स्फुरलेले. १९६८ ते १९८० या काळातील काही गाजलेल्या सोलोंचा इतिहास पाहिला, तर या दोन्ही समजुती फार काळ टिकत नाहीत.

ज्या ब्लूज परंपरेतून हे वादन आले, तिथे ध्वनिमुद्रिका ही एका प्रयोगाची नोंद असे. रॉबर्ट जॉन्सन याने नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे 'क्रॉस रोड ब्लूज' ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ते दोनदा गायले. दोन्ही पाठ आज उपलब्ध आहेत आणि ते एकसारखे नाहीत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. गाण्याची लांबी कलावंताच्या मनापेक्षा तबकडीच्या व्यासाने ठरे. बत्तीस वर्षांनी, १० मार्च १९६८ रोजी, क्रीम या इंग्लिश त्रयीने सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात हेच गाणे 'क्रॉसरोड्स' या नावाने वाजवले. एरिक क्लॅप्टनचे त्यातील दोन सोलो पुढे गिटार शिकणाऱ्यांच्या पिढ्यांनी पाठ केले. क्रीमच्या कोणत्याही अल्बममध्ये या गाण्याची स्टुडिओ-आवृत्ती नाही. म्हणजे ज्याला आदर्श पाठ मानले गेले, तो मंचावरचाच होता.

ऑलमन ब्रदर्स बँडच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. 'व्हिपिंग पोस्ट' हे त्यांचे गाणे १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये सुमारे पाच मिनिटांचे आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात ते तेवीस मिनिटांवर गेले आणि त्याने लाँग प्ले तबकडीची एक अख्खी बाजू व्यापली. ड्युएन ऑलमन आणि डिकी बेट्स या दोघांच्या गिटारांनी गाण्याच्या चौकटीत ज्या जागा शोधल्या, त्या स्टुडिओतल्या पाच मिनिटांत संभवतच नव्हत्या. त्याच वर्षीच्या जून महिन्यात ते नाट्यगृह बंद झाले आणि ऑक्टोबरमध्ये ड्युएन अपघातात गेला. आज बहुतेक रसिक 'व्हिपिंग पोस्ट' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मार्चमधले वादन असते. आधीची स्टुडिओ-आवृत्ती त्याच्या तुलनेत कच्च्या मसुद्यासारखी वाटते.

लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'चा क्रम वेगळा आहे. जिमी पेज याने त्याचा सोलो लंडनच्या आयलँड स्टुडिओत टेलिकास्टर गिटारवर वाजवला. आरंभीचा चरण त्याच्या मनाशी ठरलेला होता. बाकीचे उत्स्फूर्तपणे तीनदा वाजवून त्यातले एक निवडले गेले. संहिता म्हणून ज्याची पारायणे झाली, ते मुळात तीनांपैकी एक वादन होते. शिवाय हे गाणे ५ मार्च १९७१ रोजी बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये श्रोत्यांपुढे आले. अल्बम निघाला नोव्हेंबरमध्ये. पहिल्या श्रोत्यांजवळ तुलनेसाठी कोणतीही 'मूळ प्रत' नव्हती. पुढे मंचावर पेज दोन मानांची गिब्सन गिटार वापरू लागला, कारण गाण्याला बारा आणि सहा अशा दोन्ही तारांचे संच लागतात आणि गाण्याच्या मध्यावर वाद्य बदलायला उसंत नसते. टेलिकास्टरचा धारदार, बारीक स्वर जाऊन जाडसर, भरीव स्वर आला. स्टुडिओत सोलोच्या पाठीशी गिटारचेच इतर थर आहेत. मंचावर गिटारवादक एकच. मागे रिकामी झालेली जागा त्याच्या बोटांना भरावी लागली आणि त्या रिकामपणातच वादन लांबवण्याची मोकळीकही मिळाली. १९७३ च्या न्यूयॉर्कच्या कार्यक्रमांतून १९७६ साली निघालेल्या अल्बममध्ये आठ मिनिटांचे गाणे जवळजवळ अकरा मिनिटांचे झाले आहे.

रचना आणि उत्स्फूर्तता यांची खरी गुंतागुंत पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'मध्ये, १९७९ साली, दिसते. डेव्हिड गिल्मर याने शेवटचा सोलो पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवला, मग प्रत्येक वादनातील कोणता भाग चांगला उतरला याच्या खुणा करून तक्ता मांडला आणि त्या निवडक भागांतून एक सलग सोलो जुळवला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती अनेक हस्तलिखितांतून पाठ निवडून सिद्ध झाली. तिच्यातला पाठ अक्षरशः तसाच कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. फरक एवढाच की संपादक हरवलेल्या पूर्वरूपाचा माग काढत होते, तर गिल्मरपुढे असे पूर्वरूप नव्हतेच. त्याचा सोलो सलग असा कोणीही, खुद्द त्यानेही, वाजवलेला नव्हता. मंचावर जाताना त्याला स्वतःचीच संपादित संहिता शिकावी लागली.

त्याने ती शिकली आणि सोडलीही. १९८०-८१ च्या कार्यक्रमांत तो प्रेक्षकांसमोर रचलेल्या प्रचंड भिंतीच्या माथ्यावर उभा राहून हा सोलो वाजवी. १९९४ च्या दौऱ्यातून निघालेल्या 'पल्स'मध्ये सहा मिनिटांचे गाणे साडेनऊ मिनिटांवर गेले आहे. ओळखीचे आरंभीचे स्वर श्रोत्याला हात देतात आणि तेथून वादक पुढे निघतो. ख्यालगायनाची सवय असलेल्या कानाला यात नवल नाही : मुखडा ओळखीचा ठेवून विस्तार आपला करायचा.

याच्या अगदी उलट टोकाला ईगल्सचे 'हॉटेल कॅलिफोर्निया' (१९७६) आहे. डॉन फेल्डर याने घरी केलेल्या कच्च्या ध्वनिफितीत सोलोचा आराखडा होता. मायामीत ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो आणि जो वॉल्श नव्याने काही वाजवू लागले, तेव्हा डॉन हेन्ली याने आग्रह धरला की मूळ फितीत होते तसेच हवे. फेल्डरला कॅलिफोर्नियातील आपल्या घरी दूरध्वनी करून ती फीत ऐकवायला सांगावी लागली. इथे सोलो ही बंदिश आहे. १९८० च्या 'ईगल्स लाइव्ह'मध्ये ती जवळजवळ स्वरशः परत येते. २००१ मध्ये फेल्डर बँडमधून बाहेर पडल्यावर त्याच्या जागी आलेल्या स्टुअर्ट स्मिथ यानेही तीच वाजवली. कर्ता गेला तरी रचना उरली, हा तिचा मोठेपणा. आणि दुसऱ्या हातालाही तिच्यातून हलता येत नाही, हे तिचे बंधन.

मंचावरच्या ध्वनिमुद्रिकांकडेही भाबडेपणाने पाहता येत नाही. लेड झेपलिनच्या न्यूयॉर्कच्या तीन रात्रींवरील चित्रपटात पुरेशी दृश्ये नव्हती म्हणून १९७४ मध्ये इंग्लंडच्या शेपर्टन स्टुडिओत मंच पुन्हा उभारून चित्रीकरण झाले. पिंक फ्लॉइडचा भिंतीच्या कार्यक्रमांवरील २००० सालचा अल्बम अनेक रात्रींच्या ध्वनिफितींतून संकलित केलेला आहे. 'एका रात्रीचे वादन' म्हणून आपण ऐकतो, तेही पुष्कळदा संपादित असते.

म्हणून स्टुडिओ श्रेष्ठ की मंच, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. दोन पाठ समोर ठेवताना विचारायचे ते असे : कोणता आधी झाला, तो कशातून निवडला गेला, मागे साथीला काय होते, किती वेळ उपलब्ध होता आणि श्रोता आधीच काय ऐकून आला होता. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत जड आहे. ध्वनिमुद्रिका शेकडो वेळा ऐकून आलेला श्रोता मंचावरचा प्रत्येक बदल चूक म्हणून मोजू लागतो. जॉन्सनच्या दोन पाठांपैकी चुकीचा कोणता, असे मात्र कोणी विचारत नाही. त्या काळच्या श्रोत्याला गाणे दुसऱ्यांदा वेगळे होणारच हे ठाऊक होते, आणि हे ठाऊक असणे हाही ऐकण्याच्या संस्काराचाच भाग होता. दोन पाठ शेजारी ठेवून ऐकणाऱ्याला तो संस्कार आजही थोडाफार परत मिळवता येतो.