नियामक मंडळांतील अधिकारविभागणी

जो काम करतो त्यानेंच आपल्या कामाची पारख करावी, ही व्यवस्था कितीही सोयीची असली तरी लोकांच्या विश्वासास पात्र होत नाहीं. न्यायाच्या बाबतींत हें तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु उद्योगधंद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थांस तें लागू करण्यास, राज्यकारभारांत मुरलेल्या ब्रिटनलाही जवळजवळ वीस वर्षें लागलीं.

१९८४ सालीं ब्रिटिश सरकारनें टेलिफोनचा धंदा खाजगी भांडवलास खुला केला, तेव्हां ग्राहकांच्या हिताचें रक्षण एखाद्या मंडळाकडे न सोंपवितां एका महासंचालकाच्या हवालीं केलें. पहिले महासंचालक ब्रायन कार्सबर्ग हे हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढें गॅस, पाणी व वीज या धंद्यांसही हाच नमुना लागू झाला. निर्णय लवकर होत, आणि जबाबदार कोण हें शोधावें लागत नसे, हा या पद्धतीचा गुण होय. पण अशा नियमनास एका माणसाच्या स्वभावाचा रंग चढतो, अशी टीका हळूहळू होऊं लागली.

२००० सालच्या कायद्यानें गॅस व वीज यांसाठीं मंडळ आलें. तथापि त्याचे अध्यक्ष कॅलम मॅकार्थी हेच मुख्य कार्यकारी अधिकारीही होते. माणसाभोंवतीं मंडळ उभें राहिलें, अधिकार मात्र एकवटलेलाच राहिला. बँका व भांडवलबाजार यांवर नजर ठेवणाऱ्या वित्तसेवा प्राधिकरणांतही १९९७ पासून हॉवर्ड डेव्हिस यांच्याकडे दोन्ही सूत्रें होतीं. २००३ सालीं दोन्ही संस्थांत हीं पदें वेगळीं झालीं. विशेष हें कीं, मॅकार्थी आतां वित्तसेवा प्राधिकरणाचे केवळ अध्यक्ष झाले आणि कारभार जॉन टायनर यांच्याकडे गेला.

पण एवढ्यानें कथा सुफळ संपूर्ण झाली नाहीं. सप्टेंबर २००७ मध्यें नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारांत घाबरलेल्या ठेवीदारांच्या रांगा लागल्या. या बँकेवरील देखरेख पुरेशा दर्जाची नव्हती, अशी कबुली प्राधिकरणाच्या स्वतःच्याच अंतर्गत तपासणीनें २००८ सालीं दिली. पदें दोन होतीं, तरी धोका वेळीं ओळखला गेला नाहीं. २०१३ सालीं तें प्राधिकरणच मोडून त्याचें काम नव्या संस्थांत वांटण्यांत आलें.

आपल्याकडील अनुभवही मननीय आहे. मुंबईस मुख्य कचेरी असलेल्या सेबीच्या १९९२ च्या कायद्यानें मंडळाचे अधिकार सामान्यतः अध्यक्षासही वापरतां येतील, अशी तरतूद केली. त्याच सेबीनें २०१८ सालीं शेअरबाजारांतील मोठ्या कंपन्यांसाठीं दोन्ही पदें वेगळीं ठेवण्याचा नियम केला आणि २०२२ सालीं तो ऐच्छिक करून टाकला.

तात्पर्य, विभागणी अवश्य आहे. परंतु ती आरंभ होय, शेवट नव्हे. वेगळ्या खुर्चीवर बसणाऱ्यास कागद पाहण्याचा हक्क, ते वाचण्यास सवड आणि अप्रिय प्रश्न विचारण्याचें धैर्य हीं तिन्ही हवींत. तीं नसतील तर दोन खुर्च्यांचा खर्च वाढेल. ठेवीदार मात्र रांगेंतच उभा राहील.