वारा धरायचा कुठे?

गेल्या रविवारी हेलिंग आयलंडवरच्या एका दुकानात मी पाऊण तास दोन विंगांसमोर उभा होतो. एकीच्या पोटाखाली लांब सरळ दांडा, म्हणजे बूम. दुसरीला दोन मुठी. दुकानदार मध्ये चहा पिऊन आला, तरी माझं ठरेना.

विंग फॉइलिंग म्हणजे काय ते आधी सांगतो. पायाखाली आखूड, जाड फळी. फळीच्या तळाशी एका खांबावर बसवलेला पाण्याखालचा पंख, म्हणजे फॉइल. वेग आला की हा फॉइल विमानाच्या पंखासारखा फळीला माणसासकट पाण्याच्या वर उचलतो. आणि हातात हवा भरलेलं शीड, तीच विंग. ती फळीला कुठेही जोडलेली नसते. सगळा वारा तुमच्या दोन हातांत! म्हणूनच ती धरायची कशी हा प्रश्न मोठा.

डोंबिवलीहून व्हीटीपर्यंत उभ्याने गेलेल्यांना हा प्रश्न लगेच कळेल. वरचा आडवा दांडा धरायचा की लोंबती कडी? कडी मुठीत छान बसते, पण ती जिथे आहे तिथेच हात. दांड्यावर हात हवा तसा सरकवता येतो.

माझ्यासाठी हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता. मे महिन्यात भाड्याच्या मुठीवाल्या विंगवर शिकताना मी डावं मनगट दुखावून घेतलं. सहा आठवडे पट्टा बांधून होतो, डबा भरायचं कामही बायकोवर गेलं. तिने सरळ सांगितलं, "पुन्हा दुखलं तर सामान विकायचं." वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सापडलेला छंद असा जाऊ द्यायचा नव्हता.

तर घरी येऊन वाचत बसलो, आणि गंमत म्हणजे ज्या बेटावरून रिकाम्या हाताने परतलो होतो, तिथेच येऊन पोचलो.

1958 साली याच हेलिंग आयलंडवर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने प्लायवूडची फळी, तंबूचं कापड, एक काठी आणि पडद्याच्या कड्या यांतून उभ्याने चालवायची शिडाची फळी बनवली. धरायला शिडाच्या दोन्ही बाजूंना सरळ दांडे लावले. उन्हाळ्यात तो खाडीत सगळ्यांदेखत ती चालवायचा. कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

पुढे अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी त्यांच्या शिडाच्या फळीवर 1965 साली 'पॉप्युलर सायन्स'मध्ये लेख लिहिला. त्यांचं शीड पतंगाच्या आकाराचं होतं आणि माणूस त्याला पाठ लावून उभा राहायचा. मग कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हे विमान अभियंता आणि हॉइल श्वाइट्झर यांनी 1968 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1970 साली ते मिळालं. त्यांच्या विंडसर्फरवर शिडाच्या दोन्ही बाजूंनी वळलेला, कोंबडीच्या छातीच्या हाडासारखा बूम होता. तो वाकडा का? तर वारा कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून, आणि शीड दर वेळी विरुद्ध बाजूला फुगतं. सरळ दांडा असेल तर फुगलेलं शीड त्याला टेकतं आणि आकार बिघडतो. दोन कमानी लावल्या की दोन्ही बाजूंना जागा मिळते, आणि धरायलाही.

या पेटंटच्या जोरावर श्वाइट्झर यांच्या कंपनीने इंग्लंडमध्ये टाबुर मरीन या कंपनीवर दावा लावला. टाबुरच्या बाजूने उभा राहिला तो हेलिंगचा पोरगा, आता मोठा झालेला. मूळ कंपनीचं म्हणणं असं की त्याचा दांडा सरळ, आमचा कमानदार. 1985 साली अपील कोर्टाने सांगितलं, तो सरळ दांडा वाऱ्याच्या ताणाखाली वाकून कमानीचाच आकार घेत होता! डार्बींचा लेखही कोर्टापुढे होता. ब्रिटनमधलं पेटंट रद्द झालं. एखादी सुधारणा 'शोध' म्हणावी इतकी मोठी आहे का, हे तपासायच्या पायऱ्या या निकालाने घालून दिल्या. 2007 साली त्यांची फेरमांडणी झाली, तरी इथले पेटंट वकील आजही त्यात विंडसर्फिंगचंच नाव घेतात.

आता विंगकडे या. 2019 साली दोन मोठ्या कंपन्यांच्या विंगा बाजारात आल्या. ड्युओटोनची केन विनर यांनी आखलेली, तिला बूम. नेशची, तिला मुठी. आणि नेश म्हणजे कोण? 1976 साली तेराव्या वर्षी विंडसर्फिंगचा जगज्जेता झालेला रॉबी नेश! ज्याचं बालपण बूमला लटकून गेलं, त्याच्याच कंपनीने बूम काढून टाकला. आता बोला!

पण त्यात तथ्य आहे. मुठी हलक्या, गुंडाळायला सोप्या, डोक्यावर आपटायला टणक दांडा नाही. लाटेवर असताना पुढची एक मूठ धरून विंग मागे फडफडत सोडून देता येते. बूम म्हणजे जास्तीचं वजन, जोडायची एक वस्तू अधिक. पण पकड ताठ, आणि वाऱ्याचा जोर मागे सरकला की हातही मागे सरकवता येतो. आता दोन्हींच्या मधले प्रकारही निघालेत, कडक मुठी, अर्धे बूम वगैरे.

माझ्यातल्या अभियंत्याला मात्र वेगळीच गोष्ट आवडली. विंगची खालची बाजू नेहमी खालीच राहते. दिशा बदलली तरी शीड उलट बाजूला फुगत नाही, फक्त हात बदलतात. म्हणजे दोन कमानींची गरजच संपली. एकच दांडा पुरतो, आणि तोही सरळ. ज्या वाकण्यावरून वकील भांडले, ते वाकणंच आता नको झालं.

शनिवारी जाऊन बूमवाली विंग घेतली. लाटांवर मी काही जाणार नाही, आणि मनगट कुरकुरलं की हात चार बोटं सरकवता आला पाहिजे, एवढंच माझं गणित. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडलो. मनगट शाबूत आहे. डबा मीच भरतोय.