‘कोलंबसाचे गर्वगीत’: छंदाची साक्ष

कुसुमाग्रजांची ही कविता ‘विशाखा’त (१९४२) आली. प्रकाशनवर्षामुळे तीत चळवळीचा आवेश शोधणे सोपे जाते. छंदाची साक्ष अधिक सूक्ष्म आहे. आठ-आठ-आठ-दोन अशा सव्वीस मात्रांच्या दीर्घ चरणामागून पंधरा मात्रांचा आखूड चरण येतो. यमकाचा भार त्यावर पडतो. लाट फुगून फुटण्याची उपमा येथे सुचते, पण ती अपुरी आहे. आखूड चरण लघूने उसळतो. तो प्रत्याघात आहे. आरंभी ‘दे’ची आवृत्ती होते. आज्ञार्थातली ही अनुज्ञाच. वादळाला मोकळीक देणाऱ्याची सत्ता तीतूनच प्रस्थापित होते. अखेरीस ‘दे’ लोपतो, ‘अनंत’ दोनदा येतो, आणि समुद्राच्या वाट्याला किनारा, म्हणजे मर्यादा, देणारा चरण नेमका आखूडच असतो.